दोरी कुणी ओढली?

कुंभकोणम
११ मे २०२५

वनिता,

हसण्यावारी न्या म्हणे! तू ने. मी नाही नेणार. चौदा महिन्यांनी घरी आलेल्या बापाला बघून पोरगी आईच्या पदरामागं दडते आणि विचारते, "ह्यो कोण मामा आलाय?" मी म्हटलं, "अगं दिवे, मी पप्पा." तर आत पळाली, तुझा मोबाईल घेऊन आली आणि काळी काच माझ्यापुढं धरून म्हणाली, "पप्पा ह्यात हाय." खरसुंडीच्या जत्रेसाठी आठ दिवस होतो, एकदा मांडीवर बसली नाही. मी घेतलेला फुगा सगळ्या आळीला दाखवला, "मामानं दिला" म्हणून. मोबाईल चार्जिंगला लावला की म्हणायची, "पप्पा जेवतोय." मी समोर भाकरी खातोय, माझ्याकडं ढुंकून बघत नाही.

आणि ह्याच्यावर तुझा उपाय काय, तर फोनवर तोंड दाखवायचं बंद! पत्र लिहा, मी तिला वाचून दाखवते. अगं, सहावीतून पळालेला माणूस मी. सोनारांच्या दुकानातली धूळ आणि राख धुवायची, वितळवायची, त्यातून सोनं काढायचं, ह्या गलाईच्या कामाला माझा हात बसलाय. पेनाला नाही बसला. हे एवढं लिहायला अख्खा रविवार गेला.

साधा इलाज तुला नको आहे. दोघी इकडं या. वरची खोली आहे, हवेशीर आहे. घरमालकीण रुक्मिणीबाई मराठी आहेत. म्हणजे आपल्यासारख्या नाहीत. त्यांची माणसं साडेतीनशे वर्षांमागं राजांबरोबर तंजावरला आली ती इकडचीच झाली. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी पण अशी जुनी की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. मी खोली बघायला गेलो तर म्हणाल्या, "बैस. तुजला ताक चालेल?" मी उठून पायाच पडलो. परक्या मुलखात एवढं कोण विचारतं?

तू म्हणालीस दिवीसाठी काहीतरी लिहा. काय लिहू? इथली नदी कावेरी. नाव लई मोठं, पण आता नुसती वाळू आहे, आपल्या माणगंगेसारखी. संध्याकाळी आयाबाया लेकरं घेऊन त्या वाळूत बसतात. पोरं हातानं खड्डा खणतात, कोपरापर्यंत हात गेला की खाली ओल लागते, थोड्या वेळानं वाटीभर पाणी जमतं. ज्याच्या खड्ड्यात आधी पाणी येईल तो जिंकला. रुक्मिणीबाईंची नात जननी, आपल्या दिवीपेक्षा वर्षानं मोठी, ती रोज जिंकते. मी पण खणला. पाणी नाही लागलं, तीन शिंपले सापडले. पाकिटात घातलेत. दिवीला सांग, मामानं पाठवले.

सिद्धनाथ


करगणी
२५ मे

दिवीच्या पप्पांना नमस्कार,

मुद्दाम तसं लिहिलंय. रागावून शेवटी मामा लिहिलंत ना, ते मी वाचलं नाही. पप्पांनी पाठवले असंच सांगितलं. शिंपले तिनं कानाला लावले, मग माझ्या कानाला, मग शेळीच्या. शेळीनं एक खाल्ला. दोन आहेत.

हसण्यावारी न्या म्हटलं ते तुमच्या तोंडाकडं बघून म्हटलं. तुम्ही असे बसला होतात की जणू पोरीनं कोर्टात साक्ष फिरवली. तिचं वय साडेतीन. तिनं तुम्हाला बघितलंय किती? तिला काचेतला माणूस ठाऊक, तो बोलतो, हसतो, बटण दाबलं की जातो. तुम्हाला बटण नाही. ती घाबरली.

आता इकडं या, इकडं या, त्याचं. लग्न झालं तेव्हा तुम्ही गुंटूरला. सामान बांधायला घेतलं तर तुम्ही सेलमला गेलात. दिवी झाली तेव्हा हुबळी. आता कुंभकोणम. शेठशी वाजलं की पिशवी उचलायची, नाही वाजलं तरी कंटाळा आला म्हणून उचलायची. पायाला भिंगरी लावून जन्मलेला माणूस तुम्ही. मला इथं अंगणवाडीत मदतनिसाचं काम आहे, पगार थोडा पण माझा आहे. ते सोडून पोरगी काखेत घेऊन यायचं, आणि दोन महिन्यांनी तुम्ही म्हणणार, चल, आता मदुराई.

म्हणून माझं सरळ म्हणणं. एका गावात टिकून दाखवा. आणि पोरीला आधी पप्पा कोण ते कळू द्या. माणूस म्हणून कळू द्या. तोवर अनोळखी गावात अनोळखी बापाकडं मी तिला आणणार नाही. ती रात्री उठून रडली तर कुणाकडं बघून गप्प बसेल, सांगा.

पत्र मात्र लिहा. खड्ड्यातलं पाणी तिला लई आवडलं. तिनं विचारलंय, "तिथं टँकर किती वाजता येतो?" उत्तर द्या.

आईंचं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच.

वनिता


कुंभकोणम
२० जून

वनिता,

भांडायचं होतं. तुझं पत्र आल्यापासून उत्तर तोंडपाठ करून ठेवलं होतं, शेलकी वाक्यं होती. पण काल जे बघितलं त्यात सगळी वाहून गेली. हे पत्र दिवीला वाचून दाखव, पण सावकाश.

दिवे, इथं टँकर येत नाही. इथं नदी चालत येते.

आठवड्यापूर्वी वरच्या अंगाला, लई लांब, मेट्टूरच्या धरणाची दारं उघडली. ते पाणी कोरड्या पात्रातून येतं. काल सकाळी रुक्मिणीबाईंनी माझं दार वाजवलं. "ऊठ सिद्धनाथा, ती गांवाबाहेर पावली आहे." मी म्हटलं, कोण पावली? म्हणाल्या, "कोण म्हणजे? कावेरी."

सगळी गल्ली निघाली होती. काखेत पोरं, खांद्यावर पोरं, बोटाला पोरं. परकरातल्या पोरींच्या केसांत मोगरा, जसं लग्नालाच चाललेत. घाटाच्या पायऱ्या उतरून आम्ही वाळूत उभे राहिलो. आभाळात ढगाचा कपटा नाही. ऊन पाठ भाजतंय. मला वाटलं, आता धो धो आवाज होणार, पूर येतो तसा. काही नाही. आणि मग लांब वाळूत एक काळी रेघ दिसली. ती हलत होती.

वनिता, माणूस चालतो तेवढीच चाल होती तिची. त्याहून पण हळू. पुढं पांढरा फेस, फेसावर काटक्या, वाळलेली पानं, कुणाची तरी रबरी चप्पल. खड्डा आला की थांबायची. तो भरायची. मग पुढं. पोरांनी खणलेले सगळे खड्डे तिनं एक एक करून भरले, एक पण सोडला नाही. वाळू पाणी पिते त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तव्यावर पीठ भाजताना येतो तसा बारीक. बिळातून किडे निघून पुढं पळत होते, त्यांच्यामागं बगळे, आणि बगळ्यांच्या पुढं पोरं. पोरं कशी चालत होती सांगू? उलटी. पाण्याकडं तोंड करून, मागं मागं. पाण्याला पाठ दाखवायची नाही असा त्यांचा खेळ आहे. ज्याच्या अंगठ्याला पाणी आधी शिवेल त्यानं ओरडायचं. जननीनं माझा हात धरला आणि मी पण उलटा चाललो, एवढा बाप्या.

मग मी थांबलो. पाणी आलं, माझ्या पायाशी क्षणभर घुटमळलं आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढं गेलं. मी पाय मागं घेणार होतो, तर रुक्मिणीबाई म्हणाल्या, "घेऊ नको. आपणहून तुझ्या पायापावत आली आहे." त्यांनी वाकून हळदकुंकू, फुलं सोडली आणि एवढंच म्हणाल्या, "आलीस, आई?" जसं लेक माहेरी आल्यावर विचारतात.

मी आटपाडी तालुक्यातला माणूस. पाणी म्हटलं की मला हंड्यांची रांग आठवते, आणि त्या रांगेत आईची झालेली भांडणं. पाणी माणसाकडं चालत येतं, आणि उन्हात उभी राहून माणसं त्याची वाट बघतात, फुलं घेऊन, हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. मी वाळूत खाली बसलो. रडलो का ते विचारू नकोस. जननी आजीला तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग पाण्याबरोबर चालत गेलो. पुढच्या घाटापर्यंत, तिथून पुढच्या. प्रत्येक घाटावर माणसं उभी, लेकरं उलटी चालतायत. दुकानात उशिरा पोचलो, शेठ ओरडला. ओरडू दे.

दिवीला विचार, ती असती तर किती वेळ उलटी चालली असती.

सिद्धनाथ


करगणी
५ जुलै

दिवीच्या पप्पांना,

पत्र वाचताना आई पण येऊन बसल्या. वाचून झालं तरी कुणी उठलं नाही. मग आई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, बाटलीत भरून ठेव थोडं."

दिवीनं काय केलं ऐका. दुसऱ्या दिवशी प्यायच्या पाण्याचा तांब्या अंगणात ओतला. मी ओरडणार तोवर बघते तर धुळीत पाण्याचा ओघळ चाललाय आणि ही त्याच्यापुढं उलटी चालतेय, दोन्ही हातांनी परकर धरून. "आई, पप्पाची नदी आली!" शेजारची दोन पोरं पण लागली तसंच करायला. टँकर दोन दिवसाआड येतो, आणि आमच्या दारात पोरं पाणी ओततायत.

पण लगेच फुलू नका. संध्याकाळी मी तिला विचारलं, "दिवे, पप्पा कुठं आहेत?" तिनं फळीवरचं तुमचं पाकीट काढलं आणि छातीशी धरलं. "ह्ये पप्पा." आधी काचेत होतात, आता पाकिटात आहात. झोपताना ते उशाला घेते. काल पावसाचा शिंतोडा खिडकीतून आला तर म्हणाली, "पप्पा भिजला," आणि माझ्या पदरानं पुसला. मला हसू पण आलं आणि दुसरं पण काही आलं.

मला वाटलं होतं कागदानं काम होईल. मी चुकले असेन. आता काय करायचं ते मला पण कळत नाही.

अंगणवाडीत कार्यक्रम झाला, तिला नऊवारी नेसवली होती. नथ माझी, कुंकू आईंनी लावलं, कपाळभर. फोटोवाल्यानं मोठा फोटो काढून दिला, तो पाठवतेय. जपून ठेवा, एकच आहे.

वनिता


कुंभकोणम
४ ऑगस्ट

वनिता,

काल दुपारपासून तुझा फोन बंद लागतोय. शेवटी शेजारच्या चक्कीवाल्याला लावला. तो म्हणाला, "पोरगी आत्ताच अंगणात बघितली, चांगली हाय." तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. का ते सगळं लिहितो. मधेच कागद टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

काल इथं आडी महिन्याची अठरावी होती. आषाढाला हे आडी म्हणतात. नदी भरली म्हणून हा सण, आणि तो लेकरांचाच. ह्यांच्या मनानं कावेरी आता पोटुशी आहे, तिला डोहाळे लागलेत. आपल्याकडं डोहाळजेवण करतात तसंच नदीचं करायचं. रुक्मिणीबाई पहाटेपासून रांधत होत्या. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा, दह्याचा, गुळाचा. "तिजला काय खावेसे वाटेल कोण जाणे, म्हणोन सारेच करायचे," असं त्या म्हणाल्या. डबे घेऊन घाटावर गेलो तर गावची सगळी घरं तिथं. पायऱ्यापायऱ्यांवर पानं मांडलेली, बाया एकमेकींच्या गळ्यात हळदीचे दोरे बांधतायत, पोरांच्या हातातोंडाला पिवळा भात. आधी एक घास नदीला, मग लेकराला. पात्र काठोकाठ, त्यावर फुलं आणि दिवे चाललेले, आणि ती संथ, जड, खरंच पोटुशी बाई चालते तशी. मी लई गावं फिरलो. एवढी माणसं एका नदीचे लाड करताना कुठं बघितली नाहीत.

आणि रथ! पोरं ह्या दिवशी छोटे रथ ओढतात, सप्परम म्हणतात त्याला. लाकडाचा हातभर रथ, चार चाकं, रंगीत कागद, आत देवाची तसबीर, पुढं दिवा, आणि दोरी. घाटाच्या वाटेनं शेकडो रथ खडखडत चाललेले. जननी आठवडाभर माझ्यामागं लागली होती, "सिद्धा मामा, तू पण कर." तिच्या मामा म्हणण्याचा मला राग येत नाही बघ. मी दुकानातल्या खोक्याच्या फळ्या आणल्या. चाकं कापली, ती वेडीवाकडी झाली. चमकीचा कागद लावला. नाचियारकोविलला पितळी दिवे घडवतात, तिथल्या एका ओळखीच्या कारागिरानं बोटाएवढा दिवा दिला. सगळं झालं. आत कुठला देव बसवायचा? माझ्याकडं तसबीर नव्हती. दिवीचा फोटो होता. मी तो बसवला. मला वाटलं, पोरीला नदी दाखवतो.

मी दोरी धरून निघालो. एवढा ताडमाड माणूस हातभर रथ ओढतोय म्हटल्यावर पोरं मागं लागली. मग एक आजी थांबली. फोटोकडं बघितलं. कपाळभर कुंकू, नथ, नऊवारी. तिनं हात जोडले. मला विचारलं, "हा कुठला अम्मन?" अम्मन म्हणजे देवी. माझं तमिळ दुकानापुरतं. मी म्हणालो, "महाराष्ट्रा." माझ्या गावची पोरगी, असं सांगायचं होतं. तिनं मान डोलावली आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, महाराष्ट्राची देवी आली आहे.

वनिता, मग गर्दीच झाली. कुणी कापूर लावला. कुणी गुळाचा भात पुढं ठेवला. एका बाईनं तान्हं पोर आणून त्याचं डोकं रथाच्या चाकाला टेकवलं, माझ्या त्या वाकड्या चाकाला. मी नको नको म्हणतोय, त्यांना वाटतंय मी पुजारी, लाजतोय. खोटं नाही सांगत, एक क्षण मी पण बघत राहिलो. कापराच्या उजेडात आपली दिवी आणि तिच्यापुढं एवढे जोडलेले हात. मला पण हात जोडावेसे वाटले.

आणि त्या आजीनं केसातला गजरा सोडून फोटोला घातला. हारासारखा.

जिवंत लेकराच्या फोटोला हार! मी ओरडलो, हिसकून काढला, मोगरा सगळा वाटेवर सांडला. आजी रडायला लागली, तिला कळेना काय चुकलं. दोघे तिघे माझ्या अंगावर आले, देवीचा हार का तोडला म्हणून. रुक्मिणीबाई मधे पडल्या. त्यांनी सगळ्यांना तमिळमध्ये सांगितलं, ही देवी नव्हे, ह्याची लेक आहे, दूर गावी असते, म्हणून हा तिला रथात घेऊन आला. मग त्या आजीनं सांडलेली फुलं ओटीत वेचली, नदीत सोडली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानाशी बोटं मोडली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "भिऊ नको. हार देवीस घातला होता, पोरीस नव्हे. तो देवीकडे गेला."

पण तुझा फोन लागत नाही. मी रात्रभर जागा आहे.

इथली बाकी खबर काही नाही. दुसऱ्या गावचा एक शेठ दुकानात येऊन गेला, ते असो. ताडाच्या पानाची कर्णफुलं आणि काळे मणी घाटावर विकतात, नदीला वाहायला आणि पोरींना घालायला. दिवीसाठी घेतले. काळे मणी आधी बांध.

सिद्धनाथ


करगणी
१४ ऑगस्ट

अहो,

पत्र मिळालं. मी मुद्दाम फोन केला नाही. कुणाच्याही फोनवरून केला असता तर मी काय काय बोलले असते!

आमचा फोन का बंद, ते आधी. त्या दिवशी दिवीनं तो पाण्याच्या बादलीत घातला. "फोनला नदी दाखवते," म्हणाली. तो बुडाला. बाकी कुणाला काही झालं नाही. ती ठणठणीत आहे. काळे मणी बांधलेत.

आईंना सगळं वाचून दाखवायचं नव्हतं, पण त्या ऐकतच होत्या. गजऱ्याचं आल्यावर उठल्या, मीठमोहऱ्या उतरवल्या, चुलीत टाकल्या आणि तुम्हाला नाही नाही ते बोलल्या. मी पण बोलले असते. एकच फोटो होता, जपून ठेवा म्हटलं होतं. तुम्ही तो रथात घालून गावभर फिरवला! दुसऱ्या कुठल्या बापाच्या डोक्यात हे आलं असतं?

मग दिवीनं विचारायला सुरुवात केली. जसं झालं तसं लिहिते.

"मी गाडीत बसले होते?"

म्हटलं, तुझा फोटो बसला होता.

"दोरी कुणी ओढली?"

"पप्पांनी."

तिनं पाकीट आणलं. उलटंपालटं करून बघितलं. "ह्याला हात न्हाईत."

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "फोनला पण हात न्हाईत." आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, अहो, मी जन्मभर विसरणार नाही. जसं तिच्यापुढं काहीतरी उघडत होतं. "आई, पप्पाला हात हायेत?"

"आहेत की. दोन."

"मामाला पण हात होते. जत्रंतल्या मामाला. त्यानं फुगा बांधला."

मी काही सांगितलं नाही. शपथ घेते, एक शब्द नाही. ती उठली, शेळीला पाणी पाजलं, परत आली आणि म्हणाली, "त्योच पप्पा हाय."

मग परातीत बसली. मी दोरी बांधून अंगणभर ओढली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू नको. पप्पा ओढू दे." तेव्हापासून परात तिच्या ताब्यात आहे, भाकरी मी ताटलीत थापते.

एवढ्यावर मी उद्याच गाडीत बसले असते. पण चक्कीवाल्याच्या बायकोचा भाऊ कोइमतूरला गलाईत आहे. तो सांगत होता, तुम्ही पुढच्या महिन्यात तिकडं चाललाय. शेठशी बोलणं पण झालंय. हे खरं आहे का? पत्रात 'ते असो' लिहून पुढं गेलात, ते हेच ना? पोरगी आत्ता कुठं तुम्हाला हात लावतेय. मी तिला कुंभकोणमला आणू आणि तुम्ही कोइमतूरला असणार?

खरं लिहा. गोड लिहू नका. गणपती झाल्यावर मला दहा दिवसांची रजा मिळू शकते. ती घ्यायची की नाही ते तुमच्या पत्रावर. आणि आले तरी परतीचं तिकीट आधी हातात घेऊन येईन, हे पण आत्ताच सांगते.

वनिता


कुंभकोणम
२३ ऑगस्ट

वनिता,

तुझं पत्र दुकानात भट्टीपुढं वाचलं. तिथंच परत वाचलं. मग हात धुवायला गेलो आणि नळ सोडून नुसता हातांकडंच बघत उभा राहिलो. तेजाबानं पिवळी पडलेली बोटं, मुसेनं पोळलेला अंगठा. ह्या हातांनी किती जणांचं सोनं वितळवलं त्याचा पत्ता नाही, पण ते आहेत म्हणून कुणाला एवढं नवल वाटेल असं कधी मनात आलं नव्हतं. शेठ म्हणाला, "काय रे, भाजलं काय?" मी म्हटलं, नाही.

कोइमतूर खरं आहे. मी हो म्हटलं होतं. पगार जास्त आणि नवीन गाव, माझ्या पायांना तेवढं पुरतं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तू बोलणार हे ठाऊक होतं. काल नाही म्हणून कळवलं. तुझ्या धाकानं कळवलं असं समजू नकोस, आणि पोरीच्या मायेनं म्हटलं तर ते गोड होईल, तू गोड लिहू नको म्हटलंस. खरं सांगायचं तर असं झालं. गुंटूरला काय, सेलमला काय, दोन महिन्यांत गाव संपायचं. उद्या काय बघायचं तेच उरायचं नाही. इथं रुक्मिणीबाई परवा म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नवरात्र, माळ्यावरच्या बाहुल्या काढायच्या. मी विचारलं, कसल्या बाहुल्या? त्यांनी ट्रंक उघडून दाखवली. मातीच्या, लाकडाच्या, पणजीच्या वेळच्या. राजा, राणी, वाणी, त्याची तराजू, लग्नाची अख्खी वरात, घोडा, न्हावी पण. नऊ दिवस पायऱ्या करून मांडायच्या, गल्लीतली लेकरं घरोघरी बघत फिरणार आणि गाणी म्हणून खाऊ घेणार. ती एक एक बाहुली जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली, तान्ह्या बाळागत. मी सोडवत बसलो. आणि पहिल्यांदा मला एखाद्या गावात पुढं काय येणार ते ठाऊक आहे, आणि ते बघायला थांबावंसं वाटतंय. त्याच्या पुढं कार्तिकातले दिवे आहेत म्हणे. मग पोंगल. मग परत नदी. भिंगरी गेली असं मी म्हणत नाही. पण इथं ती जागच्या जागीच फिरायला लागलीय.

रुक्मिणीबाईंनी तुला निरोप दिलाय, त्यांच्याच शब्दांत: "बाहुल्या मांडायास लहान हात पाहिजेत. माझे कापतात. लेकीस पाठव." जननीनं एक पायरी दिवीच्या नावानं राखून ठेवलीय. तिथं कुठल्या बाहुल्या बसवायच्या ते दिवी ठरवणार, दुसरं कुणी नाही.

मला भीती वाटते हे पण लिहून ठेवतो. स्टेशनावर ती परत तुझ्यामागं दडली तर? परत मामा म्हणाली तर? तर म्हणू दे. मी जवळ नाही येणार. लांब उभा राहीन, हात दिसतील असे. येईल तेव्हा येईल. दहा दिवसांत नाही आली तर तुम्हाला गाडीत बसवून देईन आणि परत पत्र लिहीन.

हा कागद उलटा कर. मागं माझा उजवा हात ठेवून पेनानं भोवती रेघ मारलीय. तिला तिचा हात त्यात ठेवायला सांग. फक्त एक कर, आता ह्या कागदी हातालाच पप्पा म्हणू देऊ नकोस, माझ्यानं परत सगळं होणार नाही.

मिरजेहून बंगळूर, तिथं गाडी बदलायची. तुम्हाला एकटीला नको, मी बंगळूरपर्यंत येतो, तिथल्या फलाटावर असेन. दिवीला अजून तिकीट लागत नाही म्हणतात. तरी तिचं पूर्ण तिकीट काढ, तिची वेगळी जागा घे, पाय पसरून झोपू दे. परतीचं तिकीट तू आधी हातात घेणार म्हणालीस, त्याचे पण दोघींचे पैसे धरलेत. ते काढायचं की पैसे तसेच ठेवायचे, तुझं तू ठरव. मी विचारणार नाही. सगळे पैसे चक्कीवाल्याच्या खात्यावर टाकतोय, त्याच्याकडून मोजून घे. सात हजार दोनशे.

सिद्धनाथ